जुन्या हुबळीची तुळसाक्का

तुळसाक्काला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती आमच्या कंपाउंडरच्या थोबाडीत मारत होती. दुपारचे दोन-अडीच वाजले असतील. इस्पितळाच्या पायऱ्यांवर ती उभी, डाव्या हातावर सहा वर्षांची पोर आडवी धरलेली, मागं जुन्या हुबळीतली तीसचाळीस माणसं. पोरीच्या छातीत, डाव्या बाजूला, आरी रुतली होती. चामड्याला भोक पाडायला वापरतात ती. पोलादी टोक सगळं आत आणि वर फक्त लाकडी मूठ. कंपाउंडर बिचारा मदतीला म्हणून पुढं झाला आणि त्यानं मुठीला हात घातला, तेवढ्यात तिचा उजवा हात त्याच्या कानशिलात बसला. तो पायरीवर बसलाच.

"काढायचं न्हाई," ती म्हणाली. "पखालीत काटा रुतला तर तसाच राहू द्यावा. काढला की पाणी जातं."

मी जवळ गेले. आरीची मूठ हलत होती. तिला कुणी हात लावला नव्हता. पोरीच्या काळजाच्या ठोक्याबरोबर ती आपली आपण हलत होती.

मी तेव्हा हुबळीतल्या एका इस्पितळात नर्स होते. दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या आधीची वर्षं. लग्नानंतर दीड वर्षात नवरा गेला, आणि धारवाडात शाळामास्तर असलेल्या माझ्या वडिलांनी नातेवाइकांचं न ऐकता मला हे काम शिकायला पाठवलं. जखमा मी पुष्कळ पाहिल्या होत्या. कापसाच्या जिनात सापडलेले हात, बैलानं फाडलेली पोटं. पण काळीज बाहेरून दिसावं असं कधी पाहिलं नव्हतं.

आमचे मोठे डॉक्टर फार बोलत नसत. त्यांनी मुठीकडं पाहिलं, पोरीचे निळे पडलेले ओठ पाहिले आणि टेबल खिडकीपाशी ओढायला सांगितलं. पोर पडून आरीवर आदळली, असं तुळसाक्कानं सांगितलं. मी कागदावर तसं लिहून घेतलं. आरी वरून खाली, तिरकी शिरली होती. पडलेल्या माणसाला ती तशी लागत नाही, हे मला कळत होतं आणि डॉक्टरांनाही. पण त्या वेळी कुणाला विचारायला सवड नव्हती.

खिडकीतलं ऊन पुरेना, म्हणून मी आरसा धरून उजेड जखमेवर पाडत होते. डॉक्टरांनी दोन फासळ्यांची पुढची मऊ हाडं, कूर्चा, कापली, काळजावरची पिशवी उघडली. आत साकळलेलं रक्त भसकन बाहेर आलं, त्यांचा सदरा भिजला, माझ्या पायांवर उडालं. मग त्यांनी आरी उपसली आणि त्याच क्षणी भोकावर बोट ठेवलं. बोटाखाली ते काळीज धडपडत होतं. दुसऱ्या हातानं त्यांनी रेशमाचे तीन टाके घातले. एक टाका घालताना ते थांबलं. मी मनात दहापर्यंत आकडे मोजले असतील. डॉक्टरांनी ते मुठीत घेऊन दाबलं, सोडलं, दाबलं, सोडलं, आणि ते परत चालू झालं. आरशाचा कवडसा भिंतीवर गेला होता. डॉक्टर ओरडले तेव्हा मला भान आलं.

बाहेर आले तर तुळसाक्का व्हरांड्यात उभीच होती. पोर जिवंत आहे म्हणून सांगितलं, तर तिनं मान हलवली आणि नळावर जाऊन हात कोपरापर्यंत धुतले. तिचे हात काय होते, ते सांगायला हवं. ती घरोघरच्या मिरच्या, हळद कांडून द्यायची. टोकाला लोखंडी कडं, वसवी, बसवलेलं मुसळ दिवसभर उचलून उचलून तिचे दंड पैलवानासारखे झाले होते, आणि नखांत, हाताच्या रेषांत मिरचीचा तांबडा रंग कायमचा मुरला होता. चाळिशीच्या आतबाहेरची असेल. उंच, काळी, कपाळावर गोंदण, आणि आवाज असा की गल्लीच्या या टोकाला बोलली तर त्या टोकाच्या बायका पदर सावरत.

हळूहळू तिची हकिगत मला कळली. घराणं जीनगरांचं, घोड्यांची खोगिरं नि लगाम शिवणारं. तिला कलघटगीला दिलं होतं. नवरा मारायचा. "त्यानं तीन वर्षं मारलं, मी एकदाच मारलं," एवढंच ती सांगायची. त्या एका मारानं त्याचा खांदा निखळला आणि हिला माहेरी आणून सोडलं. माहेरी आई नुकतीच गेली होती, वर्षभरात बापही गेला, आणि पाठचा भाऊ हणमंत आठ वर्षांचा होता. तुळसाक्कानं त्याला वाढवलं. कसं, तर मारून. शाळा चुकवली, मार. खोटं बोलला, मार. दुसऱ्या पोराचा मार खाऊन रडत आला, तर त्याबद्दल वेगळा मार. पुढं त्याला बापाच्या गादीवर बसवलं, लग्न करून दिलं. त्याची बायको पारू, आणि शेवंती ही पोर.

त्या दिवशी काय झालं होतं, ते मला पारूकडूनच कळलं, आठवड्यानं. पारूचा जबडा सुजून एक डोळा मिटला होता, त्यामुळं ती थोडं थोडं बोलायची. जेवण उशिरा झालं, एवढंच निमित्त. हणमंतानं आधी हातानं मारलं, मग हातातली आरी भिरकावली. पारू वाकली. मागं शेवंती उभी होती. लेकीला तसं पाहिलं आणि हणमंत मागच्या दारानं पळाला, तो कलघटगीला मावशीकडं जाऊन राहिला.

डॉक्टरांनी तुळसाक्काला आणि मला समोर उभं करून सांगितलं की टाके रेशमाचे आहेत, काळीज मांसाचं आहे, आणि मांसाला विसावा हवा. सहा आठवडे पोरीनं उठायचं नाही, बसायचं नाही, रडायचं नाही, हसायचंही नाही, दचकायचं तर मुळीच नाही. खोकला येता कामा नये. तुळसाक्कानं सगळं ऐकून घेतलं. खोकला म्हटल्यावर तिनं स्वतःच्या लुगड्याकडं पाहिलं. मिरचीची पूड तिच्या अंगाखांद्यावर असायची. ती घरी गेली, विहिरीवर न्हाली, लुगडी शिकेकाईनं धुतली आणि कांडपाचं काम त्या दिवसापासून बंद केलं. बायका मिरच्यांची पोती घेऊन दाराशी येत आणि परत जात.

आणि ती बोलायची थांबली. दुसरं काय म्हणू? गल्ली हलवणारा तो आवाज तिनं घशातच कोंडला. पोरीच्या उशाशी बसून एकच कानडी शब्द ती पुटपुटायची, "सुम्म." गप्प, शांत. शेवंतीचे ओठ थरथरले की "सुम्म". खिडकीत कावळा ओरडला की पोरीच्या छातीवर तळहात, वजन न देता, आणि "सुम्म". मागल्या खाटेवरची एक म्हातारी रात्रंदिवस कण्हायची. तुळसाक्का तिच्यापाशी गेली आणि कानात काहीतरी बोलली. म्हातारी त्यानंतर उशीत तोंड घालून कण्हू लागली. काय सांगितलंस म्हणून विचारलं, तर म्हणाली, "गळा दाबतो म्हटलं." आमच्याकडच्या बायका 'मी दाबते' म्हणत नाहीत, पुरुषांसारखं 'दाबतो' म्हणतात. तिच्या तोंडी ते शोभायचंही.

सातव्या दिवशी ताप चढला. जखमेत पू झाला होता. आजच्यासारखी औषधं तेव्हा नव्हती. डॉक्टरांनी टाक्यांच्या खाली एक भोक ठेवून त्यात रबरी नळी घातली. ती रोज सकाळी काढायची, आत धुवायचं आणि परत घालायची. भूल रोज देता येत नव्हती. पोर किंचाळली तर टाके तुटतील, आणि न किंचाळता ते सहन करणं सहा वर्षांच्या जिवाला कसं जमणार? पहिल्या दिवशी मी नळीला हात लावला, शेवंतीनं श्वास ओढला, तेवढ्यात तुळसाक्कानं आपला हात पोरीच्या तोंडात दिला. खरंच दिला. हाताचा मांसल भाग तिच्या दातांत धरला आणि म्हणाली, "चाव. जेवढं दुखतंय तेवढं चाव."

पोर चावली. मी नळी काढली, धुतलं, घातली. तुळसाक्काच्या हातावरून रक्त ओघळून चादरीवर पडलं. मी आधी तिच्या हाताला पट्टी बांधायला गेले तर तिनं मला ढकललं. सव्वीस दिवस हे चाललं. सव्वीस दिवस रोज सकाळी ती नवा भाग पुढं करायची, मनगटापासून वर, मग दुसरा हात. त्या हातांवर दातांच्या एवढ्या चंद्रकोरी उमटल्या की कातडी मूळची कुठं आहे, तेच दिसेना. एक जखम चिघळली तेव्हा डॉक्टरांनी चामड्याचा तुकडा द्या म्हणून सुचवलं. घरात चामड्याला काय तोटा? तिनं आणून पाहिला. पोरीनं तो थुंकून टाकला आणि आत्याचा हात शोधू लागली. तुळसाक्कानं तो लगेच दिला.

मलाही तिचा मार बसला आहे. एके दिवशी माझ्या हातून नळी निसटली आणि आत टोचली. शेवंतीचे डोळे पांढरे झाले. मी ड्रेसिंग पुरं केलं, भांडं घेऊन व्हरांड्यात आले. तुळसाक्का मागोमाग आली, दार ओढून घेतलं, आणि मग माझ्या गालावर अशी चपराक मारली की भांडं माझ्या हातून उडालं. तेही तिनं दुसऱ्या हातानं झेललं, आवाज होऊ नये म्हणून. तक्रार केली असती तर तिला इस्पितळात पाऊल टाकता आलं नसतं. मी केली नाही. दुसऱ्या दिवशी ती माझ्यासाठी जोंधळ्याची भाकरी आणि एण्णेगाई घेऊन आली. भरल्या वांग्यांवर तेल तरंगत होतं. माफीबिफी काही नाही. पण त्या दिवसापासून ती मला 'नर्सबाई' म्हणायची थांबली. 'तंगी' म्हणायला लागली. कानडीत धाकटी बहीण.

पारूची गोष्ट वेगळी होती. लेकीला पाहिलं की तिला रडू यायचं आणि आई रडली की लेक रडणार, म्हणून तुळसाक्का तिला आत येऊ देत नसे. पारूनं दूध तापवायचं, पेज करायची, चिंध्या उकळायच्या आणि व्हरांड्यात बसायचं. ती गरीब गाईसारखी बसायची. एके दिवशी तुळसाक्का बाहेर येऊन तिला म्हणाली की आता तरी डोळे पूस, माझ्या भावाच्या घरात अशी रडकी बाई चालत नाही. मी तिथंच गॉज कापत होते. पारूनं मान वर केली. जबडा अजून वाकडाच होता.

"तुमच्या हाताखालीच वाढलाय तो, अक्का," ती म्हणाली. "मला मारायला त्याला दुसऱ्या कुणी शिकवलं न्हाई."

मला वाटलं, आता हात उठणार. तुळसाक्काचा उजवा हात खांद्यापर्यंत आलाही. तिथंच राहिला. मग ती पारूच्या शेजारी, भुईवर बसली. तिच्या पुढ्यातल्या चिंध्यांच्या घड्या घालत राहिली. शेवटी तुळसाक्कानं विचारलं की तू पेज कशी करतेस, मला दाखव, उद्यापासून तू आत बस. दुसऱ्या दिवशी पारू आत बसली, न रडता. तुळसाक्का उकळत्या चिंध्या ढवळत व्हरांड्यात. फक्त नळी काढायच्या वेळी ती आत यायची, हात द्यायला.

सहा आठवड्यांनी पोरीला घरी पाठवलं. नळी निघाली होती, पण एक बारीक भोक वाहत होतं, म्हणून मी एक दिवसाआड जुन्या हुबळीत जायची. पोर अजून आडवीच; भोक बंद होईपर्यंत दचकणं, खोकणं चालणार नाही, असं डॉक्टरांनी पुन्हा बजावलं होतं. दोन खोल्यांचं घर, पुढं हणमंताची बंद पडलेली बैठक, कोपऱ्यात अर्धी शिवलेली खोगिरं. गल्ली अरुंद, एकाच्या घरातली शिंक दुसऱ्याच्या घरात ऐकू येणारी. तिथं तुळसाक्कानं शांतता आणली होती, ती कशी आणली ते गल्लीला विचारावं. समोरचा तांबट घागरी ठोकायचा. तिनं जाऊन त्याला हलक्या आवाजात विनंती केली. तांबटानं मला पुढं सांगितलं की तिनं ओरडून सांगितलं असतं तर मी ठोकतच राहिलो असतो, पण ती हळू बोलली आणि मला घाम फुटला. तो हत्यारं घेऊन मेव्हण्याच्या दुकानात बसायला लागला.

होळी आली. हुबळीची होळी म्हणजे चार दिवस हलगीचा कडकडाट, पोटातलं पाणी हलवणारा. गल्लीच्या तोंडाशी पन्नाससाठ माणसं आली, रंगलेली, निम्मी प्यालेली. तुळसाक्का मुसळ आडवं धरून मध्ये उभी राहिली. मी ड्रेसिंगचं सामान घेऊन त्यांच्या मागं अडकले होते, म्हणून मला सगळं दिसलं. काही म्हाताऱ्यांनी माणसं वळवायला सुरुवात केली, पण एक दांडगा पोरगा पुढं सरला, तिच्या तोंडासमोर हलगी धरून त्यानं काठी उगारली. तुळसाक्कानं मुसळ भुईवर ठेवलं, त्याच्या हातातून हलगी काढून घेतली, खाली टाकली आणि पायानं कातडं फोडलं. तिचा पाय घोट्यापर्यंत आत गेला. पोरानं काठी तिच्या पाठीत घातली. एकदा, दोनदा, तीनदा. ती उभी राहिली. हात दोन्ही बाजूंना सोडलेले. चौथ्या वेळी त्याच्याच माणसांनी त्याला ओढून नेलं. घरात गेल्यावर मी तिच्या पाठीवर लेप लावला तेव्हा कातडी फुटलेली दिसली. मुसळ हाताशी असताना मारलं का नाहीस, विचारलं. ती म्हणाली की तो ओरडला असता.

त्यानंतर पंधरा दिवसांनी हणमंत आला.

भर दुपार होती. मी पट्टी बदलून नुकतेच हात धुतले होते. शेवंती डोळा लागून निजली होती, उशा रचून तिला अर्धवट बसवल्यासारखं ठेवलं होतं. पारू तिला पंख्यानं वारा घालत होती. दार लोटलेलं होतं, ते हळूच उघडलं. मी त्याला कधी पाहिलं नव्हतं, पण बहिणीची उंची आणि बहिणीचे दंड पाहून ओळखलं. प्यालेला होता, पण पाय ठाम पडत होते. तो लेकीकडं बघत उभा राहिला. तिची छाती वरखाली होताना त्यानं पाहिली आणि त्याचं तोंड वेडंवाकडं झालं. मला वाटलं, आता हा रडेल.

रडला नाही. पारूला खुणेनं चल म्हणाला. दोघींना कलघटगीला न्यायला आलोय, गाडी बाहेर उभी आहे, असं कुजबुजला. पारूनं मान हलवून नाही म्हटलं. तिनं त्याला नाही म्हटल्याचा तो पहिलाच प्रसंग असावा. त्यानं तिचे केस धरले आणि तिला उठवून भिंतीवर आपटलं.

त्या पुढचं मी आयुष्यभर विसरले नाही. त्यात आवाज नव्हता. पारूनं पदराचा बोळा तोंडात कोंबला. तुळसाक्का आतून आली, तिनं ओठावर बोट ठेवलं, आणि हणमंतानं तिच्याकडं पाहून, मारता मारताच, मान डोलावली. पोर दचकता कामा नये, हे त्यालाही कळत होतं. तो दात आवळून मारत होता. पारूच्या पोटात गुडघा बसला तेव्हा तिच्या नाकातून हवा गेली तेवढीच. तुळसाक्का त्याच्या पाठीवर पडली, त्यानं तिला झटकलं, ती खोगिरांवर पडली आणि पडता पडता एक घरंगळणारं भांडं तिनं पायानं दाबून धरलं. त्यानं पारूचा गळा दोन्ही हातांनी धरला. पारूची जीभ बाहेर आली. माझ्या हातात कात्री होती आणि मी दगड झाले होते. तिघंही पाण्याखाली भांडत असावीत, तसं ते दिसत होतं.

तुळसाक्का उठली. मुसळ कोपऱ्यात होतं. तिनं ते दोन्ही हातांनी डोक्याच्या वर नेलं, कांडायला नेतात तसं, आणि हणमंताच्या उजव्या मनगटावर आणलं. वाळकी फांदी मोडावी तसं कड् वाजलं. हाड कातडीतून बाहेर आलेलं मी पाहिलं. हणमंतानं तोंड उघडलं. आणि लेकीकडं बघून मिटलं. खालचा ओठ त्यानं असा चावला की रक्ताची धार हनुवटीवरून छातीवर आली, पण त्या माणसाच्या तोंडून हूं निघालं नाही. तो गुडघ्यांवर बसला. शेवंतीनं झोपेत कूस बदलायचा प्रयत्न केला, कपाळाला आठी घातली आणि परत स्वस्थ झाली.

"सुम्म," तुळसाक्का म्हणाली. कुणाला, ते मला कळलं नाही.

मग तिनं आपल्या लुगड्याचा काठ फाडून भावाचं मनगट बांधलं. मोठ्या मायेनं बांधलं, गाठ हाडावर येणार नाही असं पाहून. पारूला पाणी पाजलं. मला म्हणाली, तंगी, तू इथं बस, आणि त्याला काखेत हात घालून उठवलं. त्याच गाडीत घालून ती त्याला आमच्या इस्पितळात घेऊन गेली. पुढचं मला कंपाउंडरनं सांगितलं, ज्यानं तिचा पहिला मार खाल्ला होता त्यानंच. डॉक्टरांनी हात कसा मोडला म्हणून विचारलं, तेव्हा तिनं हणमंताला बोलू दिलं नाही.

"मी मोडला," ती म्हणाली. "आणि पोरीच्या छातीत आरी यानं मारली. त्या दिवशी मी खोटं बोललो. आता लिहून घ्या."

डॉक्टरांनी तिला पुन्हा विचारलं, की हे लिहिलं तर पोलिसांत जाईल, भाऊ तुरुंगात जाईल. तिला कळत होतं. हणमंत तिच्या शेजारी बसून मनगटाकडं बघत होता. त्यानं तिला एकदाही खोटं पाडलं नाही.

खटला धारवाडला चालला. मलाही साक्षीला बोलावलं, आणि आधीच्या कागदावर 'पडून' असं कुणी लिहिलं या प्रश्नाला मी 'मी' असं उत्तर दिलं. तुळसाक्काच्या साक्षीच्या दिवशी कोर्ट भरलं होतं. जुन्या हुबळीतले लोक म्हणत होते, सख्ख्या भावाला तुरुंगात धाडणारी बाई. तिनं सगळं सांगितलं, आरी, मुसळ, आणि न विचारता हेही सांगितलं की लहानपणी याला मी फार मारलं, ते माझ्याही नावावर लिहा. वकिलानं ते कामाचं नाही म्हणून थांबवलं. ती थांबली नाही. शेवटी न्यायाधीशांनी लिहून घेतल्यासारखं केलं तेव्हा ती पिंजऱ्यातून उतरली. हणमंताला तीन वर्षांची सक्तमजुरी झाली.

शेवंती बरी झाली. सावकाश, वर्षभरानं. आधी ओसरीपर्यंत, मग विहिरीपर्यंत. पारू विड्या वळायला लागली. तुळसाक्कानं कांडप परत सुरू केलं, पण घरापासून लांब, नाल्याच्या कडेला छपरात. तिथून ती संध्याकाळी आंघोळ करूनच घरात यायची. तिला कुणावर हात उगारताना मग मी पाहिलं नाही. इतरांनीही पाहिलं नाही म्हणतात. आवाज मात्र परत आला नाही. ती हळूच बोलायची, आणि माणसं कान पुढं करून ऐकायची.

माझी नंतर धारवाडला बदली झाली. युद्ध चालू होतं, रॉकेल मिळत नव्हतं. एका सकाळी तुरुंगातल्या आजारी कैद्याला तपासायला तिथल्या इस्पितळाचे डॉक्टर गेले, त्यांच्याबरोबर मी होते. परत येताना फाटकाबाहेर चिंचेखाली तुळसाक्का उभी दिसली. केस बरेच पिकले होते. शेजारी परकर-पोलक्यातली शेवंती, दहा वर्षांची, लांब वेणीची. मी हाक मारणार तेवढ्यात फाटकाचं लहान दार उघडलं आणि हणमंत बाहेर आला.

तो खूप वाळला होता. उजवा हात वाकडा जोडला गेला होता. चार पावलांवर येऊन तो थांबला. तुळसाक्का त्याच्याजवळ गेली, त्याच्या तोंडावरून हात फिरवला, गळ्याचं हाड चाचपलं. कापडात बांधलेल्या भाकऱ्या त्याच्या हातात दिल्या. मग हात लांब करून तिनं कलघटगीचा रस्ता दाखवला. ती काय बोलली ते मला ऐकू आलं नाही. त्यानं शेवंतीकडं पाहिलं. तुळसाक्का वळून पोरीला म्हणाली, हे मात्र ऐकू आलं, "तुला जायचं तर जा, न्हाई तर नको. माझं काही न्हाई."

शेवंती उभ्या जागेवरून हलली नाही. तिनं लांबूनच हात जोडले. हणमंतानंही जोडले, भाकऱ्यांसकट. मग तो दाखवलेल्या रस्त्याला लागला.

स्टेशनला जाणारा एक टांगा उभा होता. तुळसाक्कानं पोरीला पुढं, टांगेवाल्याशेजारी बसवलं आणि आपण मागं बसली, तोंड मागं करून. टांगा चालू लागला. ती दांडीला धरून, पापणी न हलवता त्या जाणाऱ्या माणसाकडं बघत होती. त्यानं एकदाही मागं पाहिलं नाही. धुळीत तो लहान होत गेला, आणि तिकडं टांग्यात तीही लहान होत गेली, आणि मग टांगा वळला.